नुसतं तूप घातलं तर?

"दीदी, मंत्र न बोलुं ने फक्त घी नाखुं, तो चाले?"

हवन सुरू व्हायला दहाएक मिनिटं होती. आषाढातली पौर्णिमा, बाहेर पाऊस, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा योगशिक्षक कोर्सचा वर्ग गुरुपौर्णिमेसाठी जमलेला. सतरंज्या भिंतीला सरकवून मधोमध विटा मांडल्या होत्या, त्यावर वाळू आणि वाळूवर तांब्याचं कुंड. समिधा दमट होत्या, शेण्याही सादळलेल्या, त्यामुळे गुरुजी कापराच्या वड्या हाताशी ठेवत होते. माझ्या शेजारी बसलेली मुलगी फिजिओथेरपिस्ट, घरची बोहरा मुसलमान. तिनं मला विचारलं खरं, पण गुरुजींनी ते ऐकलं. नरसिंहजीनी पोळ या जुन्या वस्तीतले तरुण गुरुजी, आपल्यासारखंच मराठी-गुजराती एका दमात बोलणारे. हातातला दर्भ खाली ठेवून त्यांनी तिला नीट उत्तर दिलं. मंत्र म्हणायचं काम माझं, म्हणाले, यजमानानं फक्त आहुती सोडायची आणि 'न मम', म्हणजे 'हे माझं नाही', म्हणायचं. आणि पहिली आहुती प्रजापतीची, ती तर मुकाट्यानंच द्यायची असते. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, थोडा वेळ कुंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ना, तो आजे नहीं." मग उठून खिडकीपाशी जाऊन बसली, हात मांडीवर, पाठ ताठ. हवन संपेपर्यंत तिथेच होती.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग विचारलं कशाला?"

मी सगळं केलं. तूप सोडलं, स्वाहा म्हटलं, न मम म्हटलं, धुरानं डोळे चुरचुरले ते पुसले, शेवटी अंगारा लावून घेतला. पण मागचं ते वाक्य काही माझ्या मनातून जाईना. घरी आले, ओले कपडे वाळत टाकले, भाजी चिरली, तरी ते तिथेच. तिनं विचारलं कशाला हा प्रश्न मला पडला नव्हता. मी आजवर कधी का विचारलं नाही, हा पडला होता. पन्नाशी उलटलेली बाई मी. किती पूजांना बसले, किती आरत्यांना टाळ्या वाजवल्या, किती पळ्या तूप अग्नीत सोडलं. या सगळ्यात शब्द कुठे संपतात आणि कृती कुठे सुरू होते, त्यातलं काय माझ्याकडून अपेक्षित आहे आणि काय दुसऱ्याचं काम आहे, हे मला त्या मुलीमुळे कळलं.

कोर्सला आले ती कंबरेच्या दुखण्यानं. आसनं शिकावीत, थोडा प्राणायाम, पुढेमागे सोसायटीतल्या बायकांना शिकवता आलं तर बरं, एवढाच विचार. पहिल्या दिवशी समोर पाटावर पतंजलींची मूर्ती, कमरेखाली नाग, डोक्यावर फणा, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडून त्यांचा ध्यानश्लोक म्हणायचा. खांद्यापर्यंत माणूस, हातात शंख, चक्र आणि तलवार, हजार शुभ्र मस्तकं. श्लोक कानाला इतका गोड लागतो की अर्थाकडे लक्षच जात नाही. मग वसंत पंचमीला सरस्वती, गुरुवारी दत्ताची आरती, सूर्यनमस्काराला मित्राय, रवये, सूर्याय अशी बारा नावं, वर्गाच्या शेवटी कर्पूरगौरं. माझ्यासारखीला यात नवीन काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळी साडेपाचला थंडगार फरशीवर बसून समईच्या उजेडात पंधरा-वीस माणसांचा आवाज एका सुरात चढतो तेव्हा छातीत काहीतरी सैल होतं, हे मात्र खरं. कित्येक दिवस मी केवळ त्यासाठी वेळेवर पोचत होते. आसनं तर घरीही झाली असती.

आमच्या घरात दर गुरुवारी दत्तबावनी होत असे. बडोद्यातल्या मराठी घरांना हे सांगायला नको. नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांनी १९३५ मध्ये लिहिलेल्या त्या बावन्न ओळी गुजराती, आणि म्हणणारी माझी आजी अस्सल मराठी. तिचे ळ आणि ण इतके खणखणीत की शेजारच्या पटेलकाकी हसून म्हणायच्या, आमची भाषा तुम्ही आमच्यापेक्षा ठासून बोलता. सुरुवातच मुळी 'जय योगीश्वर' अशी; म्हणजे योग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आसनांच्या तक्त्यावरून नाही, आजीच्या तोंडून, उदबत्तीच्या वासात. वडील त्या वेळी ओट्यावर पेपर वाचत. रसायनशास्त्राचे माणूस, देव आहे की नाही यावर त्यांनी कधी वाद घातला नाही, पण बावनीला ते आत आले नाहीत. आरती सुरू झाली की पेपराची घडी करायचे, आत यायचे, घंटा हातात घ्यायचे आणि शेवटपर्यंत वाजवायचे. तोंडातून एक शब्द नाही. घंटा खाली ठेवली की प्रसादाचा पेढा घेऊन परत ओट्यावर. आजीनं त्यांना कधी विचारलं नाही, बावनीला का बसत नाहीस म्हणून. घंटा वाजवतोस तर दोन ओळी म्हणायला काय होतं, असंही नाही. घंटा त्यांची ठरलेलीच होती; ते गावाला गेले की ती कोनाड्यातच राहायची, आजी आम्हा मुलांना हात लावू द्यायची नाही.

हे सगळं मला त्या पौर्णिमेनंतर आठवत राहिलं. वडिलांच्या त्या निम्म्या सहभागाला आमच्या घरात जागा होती आणि तिचं कुणाला काही वाटत नव्हतं. वर्गात मात्र त्या मुलीच्या निम्म्या प्रश्नालाही जागा नसावी?

सरांचा थिअरीचा तास शनिवारी असे. सर मनापासून शिकवायचे आणि बडोद्याचा त्यांना अभिमान. कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, इथल्याच डभोईचा. तरुणपणी त्यांनी बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले, त्या माणिकरावांनी आपल्या उस्तादांचं, जुम्मादादांचं नाव दिलेल्या व्यायाममंदिरात. मग नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग. आणि १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्याच इस्पितळात उड्डियान बंध आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करताना शरीरात नेमकं काय घडतं ते तपासायला सुरुवात. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम, 'योगमीमांसा' हे नियतकालिक, क्ष-किरणांचे प्रयोग. नौलीत पोटात निर्माण होणारी पोकळी दाबमापकावर मोजली गेली हे ऐकताना ती मुलगी वहीत भराभर लिहीत होती, आकृत्या काढत होती, तास संपल्यावर सरांना थांबवून पोटाच्या स्नायूंबद्दल विचारत होती. मला त्या दिवशी वेगळंच काहीतरी लागून राहिलं. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या या माणसाचे गुरू माधवदास बंगालमधून आलेले वैष्णव साधू होते. मुंबईत १९१८ मध्ये योग इन्स्टिट्यूट काढणारे योगेंद्र, तेही त्यांचेच शिष्य. म्हणजे आज ज्याला आपण देवाधर्मापासून वेगळा, शुद्ध शास्त्रीय योग म्हणतो, त्याच्या दोन मोठ्या वाटा एका भक्ताच्या पायापाशी सुरू होतात. आणि त्या शिष्यांनी गुरूची भक्ती टाकून दिली असंही नाही, सगळ्यांवर लादली असंही नाही.

दांडिया बाजारातून जाताना अरविंद निवासाची लाल इमारत दिसते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते हे शाळेत पाठ केलेलं. पण सुरतच्या काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये, ते पुन्हा इथे आले असताना विष्णु भास्कर लेले नावाचा आपला एक मराठी योगी ग्वाल्हेरहून आला आणि एका वाड्यातल्या वरच्या खोलीत दोघं तीन दिवस बसून होते, हे मला फार उशिरा कळलं. विचार येताना दिसतील, ते आत शिरण्याआधी बाहेर टाका, एवढंच लेल्यांनी सांगितलं. आणि तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं. लेले स्वतः भक्त. त्यांच्या मनात सगुण देव, आणि त्यांच्या शिष्याला आला तो अनुभव निराकार ब्रह्माचा, ज्याची गुरूनं अपेक्षाही केली नव्हती. लेल्यांनी आपला देव त्यांच्यापुढे मांडलाच असता आणि आधी याला नमस्कार कर म्हटलं असतं, तर त्या खोलीत काय झालं असतं, असा विचार मी त्या रस्त्यानं स्कूटरवरून जाताना पुष्कळदा करते.

पतंजलीही असेच आहेत. त्यांच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं, तेविसावं सूत्र ईश्वरप्रणिधानाचं, ईश्वराला शरण जाण्याचं. पण ते अनेक उपायांपैकी एक म्हणून येतं. मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. मग श्वास सोडणं-रोखणं. मग ज्याची आसक्ती गेली आहे अशा माणसावर चित्त ठेवणं. आणि एकोणचाळिसाव्या सूत्रात तर ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान. दुसऱ्या पादात पुन्हा क्रियायोगात आणि नियमांत ईश्वरप्रणिधान आहेच, ते काही टाळलेलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. देवाला पुरती जागा दिलेली आहे आणि ज्याला त्या जागी बसायचं नाही त्याच्यासाठी पुढच्याच ओळीत दुसरी सोय आहे, आणि दोघांनाही पोचायचं ठिकाण एकच.

हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं ते त्राटकाच्या दिवशी. आरतीला लागते तीच पितळी समई, तिच्यात एकच वात, गाईचं तूप, खिडक्या बंद, पंखा बंद. हातभर अंतरावर, ज्योत डोळ्यांच्या रेषेत येईल अशी समई ठोकळ्यांवर ठेवलेली. पापणी न हलवता पाहायचं. आधी ज्योत पिवळी दिसते, मग वातीजवळचा निळा भाग दिसायला लागतो, मग वातीच्या टोकाला धरलेली काजळी, तिचा लाल झालेला काठ. डोळे भरतात, गालावरून पाणी वाहतं, नाकाच्या शेंड्यावर थेंब थांबतो आणि पुसायचा नसतो. मग डोळे मिटले की आतल्या अंधारात ज्योतीचा ठसा तरंगत राहतो, हळूहळू वर सरकतो, त्याला धरून ठेवायचं. माझा ठसा लगेच विरला. ती मुलगी माझ्या समोरच्या ओळीत होती. सरांनी ओंकार म्हणून सगळ्यांना उठवलं तरी ती डोळे मिटून बसलेली, चेहरा ओला, खांदे सैल. गुरुवारी जी समई लागली की ती मागे सरकून बसायची, त्याच समईसमोर आमच्यापैकी कुणाहीपेक्षा ती जास्त वेळ बसली होती. हात न जोडता. मला तेव्हा आजीच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं, बावनीच्या शेवटच्या ओळींना हमखास येणारं. दोन्ही पाणी सारखंच, असं मी म्हणणार नाही. मला तेवढा अधिकार नाही. पण त्या दिवशी मला दोन्हींबद्दल एकाच प्रकारचा आदर वाटला.

कोर्सच्या एका गोष्टीचा मात्र मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. गुरुपौर्णिमेच्या हवनानंतर शिऱ्याचे द्रोण वाटले आणि त्याबरोबर हजेरीचं रजिस्टर फिरवलं. नेहमीच्याच रजिस्टरमध्ये त्या दिवसाचा रकाना. सर्टिफिकेटसाठी हजेरीचं प्रमाण ठरलेलं, त्यामुळे जो हवनाला आला नाही त्याची एक हजेरी गेली, आणि शिस्त-सहभागाचे म्हणून जे गुण होते ते देताना कोण कुठल्या कार्यक्रमाला होतं हे पाहिलं जाणार हे सगळ्यांना माहीत. प्रवेशाच्या माहितीपत्रकात यातलं काही नव्हतं. आसनं, प्राणायाम, शुद्धिक्रिया, शरीररचना, पातंजल योगसूत्रं, हठप्रदीपिका, एवढंच. मी सरांना एकटं गाठून बोलले. ते म्हणाले, ताई, हे संस्कार आहेत, परीक्षा थोडीच आहे. त्यांच्या मनात खोट नव्हती हे मला माहीत आहे. पण माझ्या वडिलांना कुणी रजिस्टरवर सही करून घंटा वाजवायला लावलं असतं तर त्यांनी ती पुन्हा हातात धरली नसती, आणि आजीलाही ती घंटा ऐकवली नसती. देवासमोर माणूस आपखुशीनं आला तर त्या येण्याला काही अर्थ. २०१५ साली पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या वेळी सूर्यनमस्कारावरून एवढी चर्चा झाली आणि सामाईक कार्यक्रमातून तो शेवटी वगळला गेला. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांचं ऐकताना मला वाटायचं, यांच्यातल्या कुणीही शेजारच्या सतरंजीवरच्या माणसाला काय हवं ते विचारलेलं दिसत नाही.

प्रजापतीच्या आहुतीचं गुरुजी जे बोलले ते मी नंतर शोधून वाचलं. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात मन आणि वाणी यांचं भांडण आहे. मोठं कोण? मन म्हणतं, मी न जाणलेलं तू काही बोलत नाहीस. वाणी म्हणते, तू जे जाणतोस ते लोकांना मी कळवते. निवाड्याला दोघं प्रजापतीकडे जातात आणि प्रजापती मनाच्या बाजूनं कौल देतो. वाणीला ते लागतं. ती म्हणते, मग मी तुझं हवन कधीच वाहून नेणार नाही. म्हणून यज्ञात प्रजापतीसाठी जे करायचं ते ओठांतल्या ओठांत, आवाज न करता. वाचून मी बराच वेळ तशीच बसले. ज्या प्रश्नाला मागून कुणी 'विचारलं कशाला' म्हटलं, तो प्रश्न यज्ञ करणाऱ्यांनीच आधी केव्हातरी विचारून ठेवला होता आणि त्याच्यावर एक गोष्टही रचली होती. शब्दाशिवाय दिलेलं पोचतं का, याचं उत्तर पहिल्याच आहुतीत होतं.

मालसरला आमची सहल गेली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. नर्मदेला पावसाचं लाल पाणी होतं, पैलतीर धूसर. बाकीचे नर्मदाष्टक म्हणत होते, आम्ही दोघी जरा वर पायऱ्यांवर. तिला गोष्ट फार आवडली. वाणी रुसली हे ऐकून ती मोकळेपणानं हसली. मग मी विचारलंच, गुरुजींनी चालेल म्हटल्यावर तू उठलीस का? तिनं लगेच उत्तर दिलं नाही. तळपायाची चिखलाची रेघ खरवडत राहिली. मग म्हणाली, "दीदी, ना पाडवी होय तो शेनी ना पाडुं छुं एनी खबर तो जोईए ने?" ज्याला नाही म्हणायचं ते आधी नीट समजून घ्यायचं. तिच्या घरी वडील नमाजानंतर सगळ्यांसाठी दुआ मागतात, म्हणाली, आणि मला तिथेही प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची सवय आहे, अम्मी चिडते. मी तिला वडिलांच्या घंटेबद्दल सांगितलं. ती म्हणाली, मला भेटायला आवडलं असतं त्यांना.

त्या संध्याकाळी परतताना बसमध्ये कुणीतरी दत्तबावनी सुरू केली. मी म्हटली, पूर्ण, मोठ्यानं, आजीसारखे ळ ठासून. आता मला त्यात पूर्वीपेक्षा जास्त गोडी वाटते, हे मला इथे लिहायचंय, कारण या सगळ्यावरून कुणाला वाटेल की मी पूजाअर्चेपासून लांब गेले. तसं झालेलं नाही. तूप सोडताना आता मी न मम म्हणते तेव्हा कुणाला काय देतेय याचा एक क्षणभर विचार होतो. पहिली आहुती मी मुकाट्यानंच देते.

परीक्षेत प्रत्येकानं अर्ध्या तासाचा वर्ग घ्यायचा होता आणि सुरुवात प्रार्थनेनं. तिनं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, शंभरापासून उलटे श्वास मोजायला लावले, आणि आसनांकडे वळली. परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी प्रार्थना कुठे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "सगळे करत होते, सर." ती पास झाली, चांगल्या गुणांनी.

मी आता मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत बायकांचा वर्ग घेते. पावणेसहाला समई लावते, पतंजलींचा श्लोक आणि त्यानंतर ज्यांना हवं त्यांच्यासाठी एक भजन किंवा बावनी. सहा वाजता आसनं. दोन्हीला किंवा कुठल्याही एकाला आलं तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी सांगते आणि दारावरच्या कागदावरही लिहिलंय. काही जणी सहाच्या ठोक्याला येतात. एक काकू मात्र फक्त प्रार्थनेसाठी येतात, गुडघ्यांमुळे आसनं होत नाहीत, श्लोक झाला की जातात. हजेरी मी सहानंतर घेते, त्यामुळे त्यांचं नाव तिच्यात नाही. महिन्याची फी द्यायला त्या आल्या तेव्हा मी घेतली नाही. प्रार्थनेचे पैसे नसतात, म्हटलं. त्यावर त्यांनी समईसाठी तुपाचा डबा आणून ठेवला, आणि तो मी ठेवून घेतला.